चांगल्या स्ट्रायकरलाही बाकावर का बसवतात?
डिजिटल डेस्क, नाशिक : बाकावर बसणे म्हणजे शिक्षा, हा आपल्याकडचा पक्का समज. १३ मार्च २०२१ ची आयएसएल फायनल आठवा. पाचच दिवसांपूर्वी मुंबई सिटीने एफसी गोवाविरुद्ध १२० मिनिटे झुंजून पेनल्टीवर उपांत्य सामना जिंकला होता. धावण्याचे इंधन म्हणजे स्नायूंतले ग्लायकोजेन. एवढ्या धावपळीनंतर ते भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. थकलेल्या पायांनी जोरात धावले, की मांडीमागचा स्नायू दुखावण्याची भीती असते. प्रशिक्षक लोबेरा यांच्याकडे दोन स्ट्रायकर होते. ल फॉन्ड्रेने सुरुवात केली, ओगबेचे उत्तरार्धात उतरला. ९०व्या मिनिटाला त्याच ओगबेचेच्या पासवर बिपिन सिंगचा गोल; मोहन बागानवर २-१ ने मात. कोविडकाळात आलेली पाच बदलांची मुभा २०२२ पासून नियमांत कायम झाली आहे.