विसरायला वेळ द्या, मग विचारा

भाटघरच्या धरणात पाणी येते चार महिने आणि लागते बारा महिने. वेळवंडी नदीवरचे हे धरण आज दिसते ते १९२८चे. त्याआधीचे जुने धरण एकोणिसाव्या शतकातले. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूर आणि उजव्याने फलटण-माळशिरस भिजवणारे हे पाणी आवर्तनाने सुटते. पाळी येते, रान भिजते, पाणी बंद होते, मग पुढच्या पाळीपर्यंत वाट पाहायची. ही शिस्त ठेच लागून आलेली आहे. कालव्याचे पाणी नवे होते तेव्हा ते उसाला हात सैल सोडून दिले गेले आणि नीरा खोऱ्यातल्या चांगल्या जमिनी चोपण होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ बसवली, तिच्यात पिकांची फेरपालट मुळातच धरलेली होती. जमीन एका वेळी ठरावीकच पाणी पिते, बाकीचे वाया जाते किंवा नुकसान करते.

शाळकरी पोराच्या डोक्याचे गणित याच्याशी इतके जुळते की पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

जुलैत शिकवलेला भागाकार मार्चात लागतो. मधल्या काळात त्याचे काय होते हे मोजायचे वेड जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाऊसला लागले. अर्थ नसलेली शेकडो अक्षरे त्याने स्वतःच पाठ केली, स्वतःच विसरला आणि किती विसरला याचा हिशेब १८८५ मध्ये पुस्तकरूपाने छापला. तासाभरात निम्म्याहून जास्त हातचे गेलेले. मग गळती मंदावते. महिन्यानेही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. त्याच पुस्तकात एक नोंद आहे, तिच्याकडे शाळांनी सव्वाशे वर्षे फारसे पाहिले नाही. एका दिवसात ६८ वेळा घोकून जेवढे साधले, तेवढेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकून साधले. मेहनत जवळजवळ निम्मी, फळ तेवढेच. फक्त पाळ्या पाडल्या.

आता खरे नवल. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे वाचायला दिले. एक सूर्यावरचा होता, एक समुद्री ऊदमांजरांवरचा. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत उतारा वाचला, पुन्हा वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. चूक की बरोबर, हेसुद्धा त्यांना कोणी सांगितले नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले. चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

आणि आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असे वाटते, हे आधी विचारले तेव्हा जास्त खात्री कोणाला होती? चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

शिकणाऱ्याला जे वाटते आणि जे घडते, त्यांत एवढे अंतर असते. धडा पुन्हा वाचला की ओळीन्‌ओळ ओळखीची वाटते आणि ओळख पटली म्हणजे आले, असा आपला समज होतो. मात्र परीक्षेत ओळ समोर नसते, ती आतून काढावी लागते. हे आतून काढणे म्हणजे नुसती तपासणी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या काढण्यानेच आठवण पक्की होत जाते. थोडे विसरू लागल्यावर काढले तर अधिकच. पुढे इलिनॉय राज्यातल्या एका शाळेत खऱ्या वर्गांवर, खऱ्या पाठ्यपुस्तकांतल्या धड्यांवर छोट्या छोट्या चाचण्या घेऊन हे पाहिले गेले, तिथेही चाचणी झालेला भाग मुलांच्या जास्त लक्षात राहिला.

आपल्याकडे याला शास्त्र म्हणत नसत, परवचा म्हणत. दिवेलागणीला देवापुढे बसायचे आणि पाढे म्हणायचे. आजच्या आजोबा-पणजोबांच्या वेळी ते तिसाच्या पाढ्यावर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकीसुद्धा. सव्वा रुपया शेराने सात शेर घेतले की पावणेनऊ रुपये, हे उत्तर सवायकी येणाऱ्याच्या तोंडातून दुकानदाराच्या आधी निघे. पुस्तक मिटलेले, पाटी नाही, रोज ठरलेली वेळ. प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या दोन्ही गोष्टी, आठवून म्हणणे आणि पाळ्या पाडणे, ओसरीवर समईच्या उजेडात चालू होत्या.

तरी परवच्याची आरती ओवाळायला मी तयार नाही. त्यात एक भोक आहे. ‘सात नव्वे किती?’ असे तिसरीतल्या पोराला मध्येच विचारून पाहा. पुष्कळ मुले क्षणभर छताकडे बघतात, मग ओठ हलू लागतात, सात एके सात, सात दुणे चौदा… आणि गाडी नवव्या स्टेशनावर आली की मोठ्याने, ‘त्रेसष्ट!’ प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या शेपटीला बांधलेली असते. आठवते ती साखळी, सुटी कडी हाती येत नाही. शिवाय वर्गात हेच चाळीस जणांनी एका सुरात म्हटले की सहा जणांच्या आवाजावर चौतीस जण निभावून नेतात. तोंडे सगळ्यांची हलतात, काढण्याचे काम मात्र थोडेच जण करतात.

यावरचा उतारा फेरपालटीचा. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एका आकाराची सगळी गणिते सलग, मग दुसऱ्याची. आपल्या स्वाध्यायात असतात तशी. दुसऱ्या गटाला सगळी गणिते मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर. कारण सोपे आहे. प्रकरणाचे नावच ‘गुणाकार’ असेल तर काय करायचे हा प्रश्न मुलाला पडतच नाही, तो समोरच्या दोन संख्या गुणून मोकळा होतो. गणिते मिसळली की आधी ओळखावे लागते, हे कोणत्या जातीचे गणित आहे? खरे गणित तिथेच सुरू होते.

म्हणजे सगळे शिकणे मुद्दाम अवघड करून ठेवायचे का? मुळीच नाही, आणि इथेच बऱ्याच शाळांची गल्लत होते. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडले की काही अडचणी हव्याशा असतात. त्यातला ‘काही’ फार महत्त्वाचा. आठवायला पडणारे कष्ट कामाचे असतात. अक्षर कळत नाही म्हणून पडणारे कष्ट निव्वळ वाया जातात. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. नको ती अडचण तशीच ठेवतो आणि हवी ती काढून टाकतो.

नको त्या अडचणीचे उदाहरण भाटघरचेच पाणी जिथे जाते त्या फलटणला सापडते. अमेरिकेतून येऊन भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा. शाळेबाहेर राहिलेल्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवताना त्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: मराठीत व्यंजने चौतीस, बाराखडी बाराची, म्हणजे चारशेआठ आकार झाले, तेही जोडाक्षरे सोडून. सगळी मुळाक्षरे क्रमाने, मग सगळी बाराखडी, मग शब्द, या वाटेने गेलेल्या मुलाला अर्थाचा पहिला घास मिळेपर्यंत कित्येक महिने उपाशी राहावे लागते. त्यातच भ-म आणि घ-ध सारखे दिसतात आणि ‘ख’चा ‘रव’ होतो.

त्यापेक्षा अक्षरांचे छोटे गट घ्यायचे आणि मात्राही लवकर द्यायच्या. आत्ताच कागदावर करून पाहा. मी माझ्या मनाने घेतो: क, म, न, ल, र आणि फक्त एक काना. लगेच कान, नाक, काम, माल, लाल, मका, काका, मामा, नाना, कमान, नकार. पाच अक्षरांत घरातली निम्मी माणसे आली. ‘मामा, नाक लाल!’ एवढे वाक्य ज्या दिवशी मूल स्वतः वाचून हसते, त्या दिवशी त्याला वाचन म्हणजे काय ते कळलेले असते. पुढचा गट येतो तेव्हा मागचा गट शब्दांत पुन्हा पुन्हा भेटत राहतो, म्हणजे आवर्तन आपोआप झाले.

दुसरे उदाहरण आपण सगळ्यांनी हसण्यावारी नेले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असेही वाचन आले आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, विनोद मात्र थांबत नव्हते. त्यांचा मुद्दा साधा होता. त्रेसष्ट म्हटले की कानावर आधी तीन पडतो आणि लिहायचा आधी सहा. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्यातल्या दोन या उलटापालटीत अडकल्या तर बेरजेला काय उरणार? त्रेसष्ट कोणी रद्द केले नव्हते. ते अंगवळणी पडेपर्यंत एक पायरी दिली होती, एवढेच.

आता पुन्हा भाटघरच्या परिसरात येऊ. धरणाच्या पाणफुगवट्याच्या कडेने आणि पलीकडे वेल्ह्याच्या (तालुक्याचे नाव आता राजगड) डोंगरवाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, त्यांतल्या कितीतरी शाळांचा पट फार लहान. साठपर्यंत पट असेल तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. चार वर्ग आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. याकडे सगळेच अडचण म्हणून पाहतात आणि ती आहेच. एक गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. शिक्षक कमी दिले तरी चालते, असा अर्थ कोणी माझ्या लिहिण्यातून काढू नये.

पण त्या खोलीत काय घडते ते बघा. तिसरीला अपूर्णांक शिकवताना चौथीच्या कानावर गेल्या वर्षीचा धडा पुन्हा पडतो, बरोबर वर्षाच्या अंतराने, अर्धवट विसरल्यावर. तोच क्षण पकडून बाईंनी म्हटले, ‘चौथी, तुम्ही सांगा, पाव मोठा की अर्धा, आणि का?’ की आवर्तन सुटले. स्वतंत्र तुकड्यांच्या शहरी शाळेत ही सोय मुद्दाम करावी लागते. मोठ्या मुलाने लहानाला शिकवणेही इथे अंगवळणी पडलेले असते. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत होता. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे पाहून त्याने ती युक्ती उचलली, तिला मुलांनीच मुलांना शिकवण्याची जोड दिली आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये पुस्तक छापले. पुढे इंग्लंडात हीच ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. यात शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याचा फायदा मोठा असतो. २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगात काही जणांना वाचण्याआधी नुसते सांगितले की हे तुम्हाला नंतर दुसऱ्याला शिकवायचे आहे. शिकवायला कोणालाच लावले नाही, सर्वांची परीक्षाच घेतली; तरी त्यांना जास्त आणि जास्त नीट लावून आठवले.

यातले काहीही करायला टॅब लागत नाही, निधी लागत नाही. तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे पुरतात. पुस्तके मिटलेली, पाट्या काढलेल्या आणि तीन प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक दिवाळीच्या आधीचा. आधी प्रत्येकाने आपल्या पाटीवर लिहायचे, मग सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. म्हणजे हुशार मुलीच्या आवाजाआड कोणाला लपता येत नाही. गुण द्यायचे नाहीत, नोंदवहीत भरायचे नाही. आकारिक मूल्यमापनाचे आपण नोंदींच्या रकान्यांत जे करून ठेवले, ते याचे होऊ नये.

पालकांनाही एक विनंती. संध्याकाळी मुलाला ‘आज काय शिकवलं?’ असे विचारू नका, ते अजून ताजे असते. ‘गेल्या सोमवारी काय शिकवलं होतं?’ असे विचारा. तो गप्प बसेल, डोके खाजवील. तेव्हा पटकन सांगून मोकळे होऊ नका, थोडे थांबा. चुकले तर न ओरडता बरोबर उत्तर सांगा आणि चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.