रिपोर्टमध्ये ‘एस’ आहे, तरी ते औषध का चालत नाही?

मागच्या पावसाळ्यात एक ताई लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट घेऊन आल्या. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं. पुतणी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते. तिने रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, “काकू, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ आहे, म्हणजे ते लागू पडेल.” गोळ्या घरात होत्याच. दोन दिवस घेतल्या, पण ताप हटेना.

पुतणीने रिपोर्ट बरोबर वाचला होता. ‘एस’ म्हणजे त्या औषधाने प्रयोगशाळेत जंतूची वाढ थांबली. पण हे औषध लघवीत साठतं, त्यामुळे मूत्राशयाच्या संसर्गावर छान चालतं. किडनीच्या पेशींत आणि रक्तात ते पुरेसं पोहोचत नाही. ताईंचा संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. त्यांना इंजेक्शनं द्यावी लागली.

घरोघरी असं होतं, कारण ‘जंतूंचं शिकलेले’ सगळे एकच शिकले आहेत असं आपण धरून चालतो. बीएस्सीचा विद्यार्थी जंतू वाढवणं, ओळखणं, त्याची जनुकं हे आमच्यापेक्षा खोलात शिकतो. रुग्ण मात्र त्याच्या अभ्यासक्रमात नसतो. डेअरीचा विद्यार्थी दूध ७२ अंशांवर १५ सेकंद का तापवायचं ते शिकतो. शेतकीच्या मुलाला डाळींच्या मुळांवरच्या गाठींतला रायझोबियम ठाऊक असतो, म्हणजे त्याच्यासाठी जंतू हा मित्रच! नर्सिंगमध्ये भर असतो तो संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ न देण्यावर. सलाईनची सुई, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग याबद्दल सिस्टरचं ऐका, त्यात डॉक्टरही कमी पडतात.

आम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी हा विषय शिकतो. ग्रॅम स्टेन केलेल्या काचेवर जांभळे आणि गुलाबी जंतू ओळखायचे, परीक्षेपुरते पाठ करायचे. खरं शिक्षण पुढे वॉर्डात होतं: हाच जंतू गरोदर बाईत, मधुमेह्यात, किडनी अधू असलेल्या आजोबांत कसा वागतो ते.

आणि लॅब टेक्निशियन. त्यांचं म्हणणं सहसा कोणी मनावर घेत नाही, पण लघवीच्या नमुन्याबद्दल त्यांनी दिलेली सूचना शब्दशः पाळा. जागा स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना दोन तासांच्या आत पोहोचवा; उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. बाहेर राहिलेल्या लघवीत चार जंतूंचे हजारो होतात आणि नसलेला आजार रिपोर्टमध्ये दिसतो. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीच नमुना द्या. आधीच गोळी घेतली असेल, तर तिचं नाव लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.