चिखलदऱ्याचा वारा आणि विदर्भातली हिमनदी

परतवाडा सोडून घाट लागला की गाडीच्या काचा खाली येतात. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. एवढ्या चढाने पारा चार-पाच अंशांनी उतरतो. पण आषाढ-श्रावणात तिथे गारव्याच्या आधी भेटतो तो वारा. हरिकेन पॉइंटवर छत्री टिकत नाही. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कणसं भाजणाऱ्या बायका शेगडीला पत्र्याचा आडोसा करून बसतात, तरी ठिणग्या आडव्याच उडतात.

वाऱ्याच्या या जोराला कारण आहे. पावसाळी वारे पश्चिमेकडून पूर्णेच्या सपाट खोऱ्यात शिरतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यावर त्यांना अडवायला काही नाही. मग एकदम गाविलगडाच्या डोंगरांची उभी भिंत समोर येते. इथे जमिनीला मोठा तडा गेला, दक्षिणेची बाजू खचली आणि पूर्णेच्या गाळाने भरून निघाली. उत्तरेचा सातपुडा उंच राहिला. भिंतीला धडकलेली हवा वर चढते आणि कड्याच्या माथ्यावर दाटून निघताना तिचा वेग वाढतो. वर जाताना ती थंडावते, ढग धरतात. म्हणून चिखलदऱ्यात अकोल्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. तेच पाणी सिपनासारख्या नद्यांतून मेळघाटच्या सागवनाला मिळतं. १९७४ साली इथे व्याघ्रप्रकल्प झाला. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात आहे.

धुकं जरा फाटलं की समोरचा कडा नीट पाहावा. काळ्या दगडाचे आडवे थर ज्वारीच्या भाकरींची चवड रचल्यासारखे एकावर एक बसलेले दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा पसरत गेला, त्याचे हे थर. पायाखालचा एखादा तुकडा उचलला तर त्यात बारीक पोकळ्या दिसतात. लाव्हा थिजताना वायू बाहेर पडू पाहत होता, त्याचे ते बुडबुडे. काहींच्या तळाशी पांढरे स्फटिक चमकतात. १८०३ च्या १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेने घेतलेला गाविलगड किल्लाही याच दगडावर उभा आहे. गडाचा इतिहास सगळे सांगतात, दगडाचा कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

या लाव्ह्याच्या खाली काय दडलंय, हे डोंगराच्या पायथ्याशी दिसतं. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या, मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला वाळूचे जुने खडक उघडे पडलेत आणि तिथल्या थरांत डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. त्याहीपलीकडचं, फार जुनं पान उघडतं ते विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठच्या इरई गावापाशी. तिथल्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्यावर लिहिलं. पाण्याने दगड झिजतो, पण पाणी असे सरळ चरे पाडत नाही. हिमनदी पाडते. सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशी दगडगोटे गच्च रुतलेले असतात आणि वरचं प्रचंड वजन त्यांना खालच्या खडकावरून खरडत नेतं. बर्फ वितळला की बारीक चिखल आणि लहानमोठे दगड कुठलीही निवड न होता एकत्र पडतात. तसाच दगडगोट्यांचा थर त्या ओरखड्यांवर आहे. ओडिशातल्या तालचेरला असा थर आधी ओळखला गेला, म्हणून त्याला तालचेरचं नाव मिळालं.

हे घडलं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. आपली भूमी तेव्हा अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाला चिकटून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. गंगोत्रीची हिमनदी पाहायला आपण हजार-दीड हजार किलोमीटर जातो, जावंच. पण ४७ अंशांत भाजणाऱ्या विदर्भातही बर्फ सरकत गेल्याची खूण आहे, हे अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक शाळेत शिकवलं गेलं पाहिजे.

बर्फ हटल्यावर त्या ओलसर, गार दलदलीत रानं वाढली. ती गाळाखाली गाडली गेली आणि त्यांचाच कोळसा झाला. चंद्रपूर आणि वणीच्या खाणींतून निघतो तो हाच. अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीजकेंद्रही कोळशावरच चालतं.