डागडुजीचा मुक्काम

यवतमाळ-नागपूर रस्त्यावरच्या आमच्या कळंबात, जिथे चक्रावतीला वैशाखात जेमतेम पाणी असते आणि चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून खाली जाणे एवढाच काय तो आम्हांस खोलीचा परिचय, तिथे बसून मी आयुष्यभर शिडाच्या जहाजांविषयी वाचीत आलो, याचे माझ्या स्नेह्यांना नवल वाटते. आणि त्यातही वादळांची वर्णने भराभर उलटून, जहाज बंदरात लागले व त्याची मरम्मत सुरू झाली की मी पानापानावर रेंगाळतो, हे कळल्यावर तर ते माझी कीव करतात. माझे मत मात्र पक्के आहे. एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या दर्यावर्दीची पारख भर समुद्रापेक्षा बंदरात अधिक होते. समुद्रावर त्याचा धनी एकच, वारा. बंदरात शीड शिवणारा, वेल्डिंगवाला, जकात अधिकारी आणि तिथीवार, असे चार धनी एकाच वेळी त्याच्या मानगुटीवर बसतात, आणि आठवडेच्या आठवडे स्वतःशिवाय कोणाशीही न बोललेल्या त्या मनुष्याला काय दुरुस्त करायचे व काय तसेच घेऊन निघायचे, याचा निवाडा करावा लागतो.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. फलटणजवळच्या विंचुर्णीस निवृत्तीनंतर राहिलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी, एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडांच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास घेतला. नौदलाने तो ‘सागर परिक्रमा’ म्हणून अंगावर घेतला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. आणि 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबई सोडलेले कमांडर दिलीप दोंदे फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन येथे थांबून मे 2010 मध्ये मुंबईस परतले. असे करणारे ते पहिले भारतीय.

दिवाडीला मी जाऊन आलो. जुन्या गोव्याहून फेरीबोट अगदी थोड्या वेळात पलीकडे नेते, आणि ज्या नदीचे नाव त्या नौकेस दिले ती म्हादेई, म्हणजेच मांडवी, इथे इतकी संथ वाहते की दक्षिण महासागराची कल्पनाही करवत नाही. धक्क्यावर एका वयस्क कारागिराने जुन्या दोराचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. वरून तो धडधाकट दिसत होता. पण जिथे तो कप्पीवरून वळत असे, त्या वीतभर जागी बोटांनी दाबताच आतला गाभा पोकळ लागला आणि वरचे तंतू कापसासारखे पिंजलेले दिसले. हजारो मैल तोच दोर त्याच कप्पीवर त्याच जागी घासला जातो. म्हणून जाणता नाविक अधूनमधून तो वीतभर सैल सोडतो किंवा ओढून घेतो, म्हणजे झीज एका ठिकाणी साचत नाही. बंदरात पहिले काम असल्या जागा हुडकण्याचे. मग डोलकाठीच्या माथ्यापर्यंत चढून तपासणी, शिडांच्या शिवणी, सुकाणूचे सांधे, तळाला धरलेले शेवाळ. आणि हे सारे पंचांग बघून, कारण दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न दक्षिणेतल्या उन्हाळ्यातच ओलांडलेले बरे. लिटल्टनमध्ये वाया गेलेला आठवडा हॉर्नवर व्याजासह वसूल होतो.

न्यूझीलंडमधले हे लिटल्टन तर डागडुजीचे जुने ठाणे. कॅप्टन स्कॉटचे ‘डिस्कव्हरी’ 1901 साली अंटार्क्टिकाकडे जाताना गळत गळत इथेच आले आणि सुक्या गोदीत घ्यावे लागले. परंतु माझे मन गुंतले आहे ते फॉकलंड बेटांवरील स्टॅन्लीत. हॉर्नच्या तडाख्यातून लंगडत आलेली जहाजे एकोणिसाव्या शतकात इथे आश्रयास येत, आणि इथला दुरुस्तीचा खर्च ऐकून कित्येकांचे मालक तिथेच हात टेकत. ब्रुनेलने बांधलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे विख्यात लोखंडी जहाज 1886 साली असेच आले. दुरुस्ती परवडेना, तेव्हा ते विकले गेले व गोदाम म्हणून वापरात आले, 1937 साली स्पॅरो कोव्हमध्ये टाकून दिले गेले आणि 1970 साली तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला परत नेले. डागडुजीचा मुक्काम चौऱ्याऐंशी वर्षांचा! ‘लेडी एलिझाबेथ’ या दुसऱ्या एका जहाजाचा गंजका सांगाडा व्हेलबोन कोव्हमध्ये अद्याप उभा आहे. दोंदे याच बंदरात शिरले, कामे उरकली आणि निघाले. निघाले, हे मला हॉर्न ओलांडण्याइतकेच थोर वाटते.

एकट्याने जग फिरणाऱ्यांच्या कुळाचा आद्य पुरुष जोशुआ स्लोकम. 553 डॉलर व 62 सेंट खर्चून आपल्याच हातांनी नव्याने बांधलेली ‘स्प्रे’ घेऊन तो 1895 ते 1898 या काळात एकटा जग फिरून आला. ब्वेनोस आयरिसला त्याने डोलकाठी सात फूट आखूड करून घेतली. मेलबर्नच्या हशीलदाराने त्या 12.70 टनी नौकेवर पूर्ण तेरा टनांचे हशील लावले; स्लोकमने नौका पाहायला येणाऱ्यांकडून माणशी सहा पेन्स घेऊन ती रक्कम भरून काढली, आणि गर्दी ओसरताच एक शार्क पकडून तोही सहा पेन्सलाच दाखवला. टास्मानियात डेव्हनपोर्टला त्याने ‘स्प्रे’ वर ओढून लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा कसून शोध घेतला, तो सापडला नाही, तरीही पुढच्या समुद्रांसाठी तळाला तांबेरी रंगाचा एक हात दिलाच. आपल्याकडे विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात कोरलेल्या मराठी आरमाराच्या गोदीत भरतीला गलबते आत घेऊन ओहोटीच्या सवडीने जी कामे होत असतील, ती याच जातीची.

पुढे स्पर्धा आल्या आणि मुक्काम हा गुन्हा ठरला. 1968 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत न थांबता, कोणाची मदत न घेता परतण्याची अट होती. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहेली’चा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर रेतीत रुतला, तरी त्याने घरची पत्रेसुद्धा स्वीकारली नाहीत, आणि तो जिंकला. त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या तीन अंगांच्या नौकेचे एक अंग मात्र फुटले. आपल्या ठावठिकाण्याविषयी तो आधीच खोटे कळवीत होता. आता तो 6 मार्च 1969 रोजी अर्जेंटिनातील रिओ सालादो येथे गुपचूप किनाऱ्याला लागला, तिथल्या तटरक्षकांच्या चौकीतून प्लायवूड मिळवून त्याने भगदाड बुजवले आणि दोन दिवसांनी निघून गेला. 10 जुलैला नौका सापडली, मनुष्य नाही. त्याच्या अंताची कारणे अनेक होती, हे मान्य. पण जी गोष्ट स्लोकम तिकीट लावून उजळ माथ्याने करीत होता तीच चोरून करायला लावणाऱ्या नियमाविषयी मला कधीच आदर वाटला नाही. 2018 साली ती शर्यत पुन्हा भरली तेव्हा एकदा थांबणाऱ्याला निराळ्या वर्गात ठेवण्याची सोय होती, एवढे तरी शहाणपण आले. त्याच शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडून भारतीय नाविक अभिलाष टॉमी हिंदी महासागरात जायबंदी झाले, तिथे मुक्कामाला बंदरच नव्हते, ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचलले.

‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन प्रदक्षिणा करताना, घर दृष्टिपथात असता, सुकाणूची यंत्रणा बिघडल्याने एप्रिल 2018 मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात शिरली. हा मुक्काम कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. तिथे सुकाणू दुरुस्त झाले आणि 21 मे रोजी ती गोव्याला पोहोचली. पुढे 2 ऑक्टोबर 2024 रोजी तीच ‘तारिणी’ लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच गोव्याहून बाहेर काढली, आणि वाटेत स्टॅन्लीला थांबून 29 मे 2025 रोजी परत आणली.