यकृताचे दुखणे कसे ओळखतात?

आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड एक मोठा अवयव असतो. त्याला मराठीत यकृत म्हणतात. उर्दूत आपण त्यालाच जिगर म्हणतो. मोठ्या माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो असते. पित्त तयार करणे, साखर साठवणे, विषारी द्रव्ये निरुपद्रवी करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे अशी अनेक कामे ते रात्रंदिवस करते.

यकृताला थोडी इजा झाली तर ते स्वतःच ती भरून काढते. परंतु वर्षानुवर्षे इजा होत राहिली तर जखमेचा वण कातडीवर राहतो तसे वण यकृतात पडतात. मऊ यकृत कठीण आणि गाठीगाठींचे बनते. या रोगाला सिरॉसिस म्हणतात. फ्रान्समधील डॉक्टर रेने लेनेक यांनी 1819 साली हे नाव दिले. स्टेथोस्कोपचा शोधही त्यांनीच लावला.

यकृत फार सोशिक आहे. रोग बराच वाढेपर्यंत ते तक्रार करत नाही. मग डॉक्टर हा रोग ओळखतात तरी कसा?

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. थकवा येतो का? भूक मंदावली का? पूर्वी कावीळ झाली होती का? रक्त घेतले होते का? मधुमेह आहे का? दारूचे व्यसन आहे का? रुग्णाने या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.

नंतर डॉक्टर रुग्णाला तपासतात. डोळे पिवळे दिसतात का, तळहात लाल झाले आहेत का, पायांवर सूज आहे का, हे ते पाहतात. पोटावर बोटांनी ठोकून आवाज ऐकतात. पोटात पाणी साठले असेल तर तेथे आवाज बद्द येतो. रुग्ण कुशीवर वळला की पाणी सरकते आणि आवाजाची जागाही बदलते!

त्यानंतर रक्ताची तपासणी होते. यकृत दुबळे झाले की रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होते आणि रक्त गोठण्यास वेळ लागतो. कठीण यकृतातून रक्त सहज वाहत नाही. ते मागे तुंबते, प्लीहा मोठी होते आणि रक्तातील प्लेटलेट कमी होतात. मात्र एकाच चाचणीवरून निर्णय देता येत नाही. सगळ्या खुणा एकत्र जुळवाव्या लागतात.

सोनोग्राफीत यकृताचा खडबडीतपणा, प्लीहेचा आकार आणि पोटातील पाणी दिसते. आता आणखी एक यंत्र आले आहे. ते बरगड्यांमधून हलकासा धक्का देते. त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते, हे यंत्र मोजते. यकृत जितके कठीण, तितकी लहर वेगवान. एवढे करूनही शंका उरली तर बारीक सुईने यकृताचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला बायोप्सी म्हणतात. आज पुष्कळ रुग्णांना तिची गरज पडत नाही.

रोग ओळखला तरी काम संपत नाही. त्याचे कारणही शोधावे लागते. पुष्कळांना वाटते, की हा रोग फक्त दारू पिणाऱ्यांनाच होतो. हा समज चुकीचा आहे. हेपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळे, तसेच लठ्ठपणा व मधुमेहामुळे यकृतात चरबी साठूनही तो होतो. ज्याने दारूला कधी स्पर्शही केला नाही, असा माणूसही आजारी पडू शकतो. लोक नावे ठेवतील या भीतीने असे रुग्ण दवाखान्यात जाण्याचे टाळतात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

रोग लवकर कळला आणि कारण दूर केले, तर तो पुष्कळदा थांबवता येतो. हेपॅटायटिस बी टाळण्यासाठी लस आहे. हेपॅटायटिस सी औषधांनी बरा होतो. भारत सरकारने 2018 साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही रोगांची तपासणी व उपचार मोफत मिळतात. म्हणून आजार लपवू नये आणि आजारी माणसाला दोषही देऊ नये. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, हीच त्याची खरी मदत होय.