धार असेल तर बोटं वाचतात

'मला बाई बोथट विळीच बरी, धारेची भीती वाटते!' महाड-पोलादपूरच्या गावांत बचत गटाच्या बैठकीला गेलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण मैत्रिणींनो, खरं तर उलटं आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, भाजी सटकते आणि बोट पात्यावर जातं. पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला, तर धार ठीक आहे असं समजा.

विळी घेताना नुसती चकाकी पाहू नका. पाट जमिनीवर डुगडुगतो का, पातं खिळ्यात हलतं का, ते आधी बघा. घरात रांगतं मूल असेल तर घडीची विळीच घ्या. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. साध्या पोलादाचं पातं गंजतं, पण त्याला धार चटकन लागते.

गंजणारं पातं म्हणजे हलकं, असं मात्र नाही हं! जपानच्या साकाई शहरात शेकडो वर्षं सुऱ्या घडवतात. तिथल्या नावाजलेल्या कितीतरी सुऱ्या अशाच गंजणाऱ्या पोलादाच्या असतात. भाजी चिरायच्या सुरीला तिथे 'नाकिरी' म्हणतात. तिचं पोलाद कडक आणि धार बारीक, त्यामुळे हाडावर किंवा नारळावर चालवली तर टवका उडतो. तिथल्या बायकाही सुरी वापरली की लगेच धुऊन पुसतात आणि ओल्या दगडावर धार लावतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे विळीचं काय! कैरी, लिंबू, कोकम चिरल्यावर पातं तसंच ठेवू नका, आंबटाने ते काळं पडतं. धुवा, कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. फणस चिरण्यापूर्वीही तेल लावा, म्हणजे चीक चिकटत नाही. गंज चढलाच तर चिंच आणि राखेने घासा.

जुलै 2021 च्या पुरात महाडच्या घराघरांत चिखल शिरला होता. अशा चिखलातलं पातं लागलं तर हळद दाबून गप्प बसू नका. धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो. जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शनचं विचारा.

आणि हो, विळी पुसायचं फडकं वेगळं ठेवा. पुसताना पात्याच्या पाठीकडून धारेकडे पुसा, धारेवरून बोट फिरवू नका!