कौत्साने घेतले तेवढेच

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. सीमोल्लंघन करून परतल्यावर आपण देवापुढे आपट्याचे पान ठेवतो, वडीलधाऱ्यांना सोने देऊन नमस्कार करतो आणि ‘सोन्यासारखे राहा’ असा आशीर्वाद घेतो. या पानाची कथा आम्ही पंढरीत आणि गावोगावच्या कीर्तनांतून गेली चाळीस वर्षे सांगत आलो. आज ती पुन्हा सांगावीशी वाटते, कारण कथेतील सोने आणि बाजारातील सोने यांचे नाते तुटत चालले आहे.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ही कथा वर्णिली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेचा हट्ट धरून बसला. ‘तुझी सेवा हीच दक्षिणा’ असे सांगूनही तो ऐकेना, तेव्हा रागावलेल्या गुरूंनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे आला. परंतु विश्वजित् यज्ञात राजाने सर्वस्व दान केलेले. अतिथीला अर्घ्य देण्यास त्याच्यापाशी मातीचे पात्र तेवढे उरले होते. राजाने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविताच त्याच्या कोशागारात सुवर्णवृष्टी झाली. आपल्याकडील लोककथेत हे सोने शमीच्या वा आपट्याच्या झाडावर पडते. रघू म्हणाला, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणाला, गुरूंचे देणे आहे तेवढेच नेईन. देणारा अधिक देतो आहे आणि घेणारा अधिक घेत नाही, हे पाहून अयोध्येचे लोक दोघांनाही धन्य म्हणाले.

फांद्यांचा बाजार

आता दसऱ्याच्या पहाटेचा मुंबई-पुण्याचा बाजार पाहावा. जुड्याच्या जुड्या, भाऱ्यांचे भारे! आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाचीही पाने विकली जातात. एका पानाने जे होते त्यासाठी घरोघरी फांदी येते आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात पडते. झेंडूचेही तेच. भाव पडला की न खपलेल्या फुलांचे ढीग रस्त्याकडेला टाकून शेतकरी रित्या हाताने गावी परततात.

आपटा हा माळरानावर, मुरमाड जमिनीतही तग धरणारा पानझडी वृक्ष. पावसाळ्यात पाने जे अन्न तयार करतात, त्याच्या साठ्यावर तो उन्हाळ्यात फुलतो. आश्विनात त्याच्या फांद्याच उतरविल्या, तर तो साठा खुंटतो. वर्षानुवर्षे हेच घडले म्हणजे झाड खुरटते, शेंगा धरत नाहीत आणि नवी रोपे उगवत नाहीत. त्याच्या सालीचे दोर वळणाऱ्या, त्याचा पाला गुरांना घालणाऱ्या रानातल्या माणसांचाही तो आधार आहे.

यावर कोणी प्लास्टिकच्या सोनेरी पानांचा व फुलांच्या तोरणांचा उपाय सुचवितात. तो आम्हांस मान्य नाही. खरे पान मातीत मिसळून माती होते. प्लास्टिकचे पान आपल्या नातवंडांनंतरही नष्ट होणार नाही. शिवाय त्या तोरणाने झेंडू पिकविणाऱ्याचे गिऱ्हाईकही तुटते.

शास्त्र काय सांगते?

येथल्याच काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली धर्मसिंधू हा ग्रंथ रचिला. त्यात शमीपूजनाचा विधी आहे. शमी न मिळेल तेथे अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची पूजा करावी, असे त्यात सांगितले आहे. पूजेनंतर झाडाच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह गीतवाद्यांच्या गजरात घरी आणावयाची असते. म्हणजे भक्ताने झाडाकडे जावयाचे आहे. झाड तोडून भक्ताच्या दारी आणावे, असा हा विधी नाही.

कोणी विचारील, ‘बुवा, सर्वांनी पाने घेणे कमी केले, तर ठाणे-पालघरच्या डोंगरांतून भारा घेऊन आलेल्या आदिवासी बाईने काय करावे?’ प्रश्न रास्त आहे. दसऱ्याच्या या एका दिवसाच्या कमाईवर तिच्या घरची दिवाळी अवलंबून असते. आमचे उत्तर कथेतच आहे. घेताना आपण कौत्स व्हावे आणि देताना रघू. घरात माणसे असतील तितकीच पाने घ्यावीत. मोल मात्र पूर्ण द्यावे, घासाघीस करू नये. हजारोंची खरेदी करून घरी परतणाऱ्या यजमानाने पाच-दहा रुपयांसाठी त्या माउलीशी हुज्जत घालावी, हे सणाला शोभत नाही.

पूजा झाल्यावर पाने व फुले नदीत न टाकता तुळशीच्या वा अंगणातील झाडाच्या मुळाशी घालावीत. ज्यांना जागा आहे त्यांनी, निदान गावच्या देवळाच्या आवारात, येत्या पावसाळ्यात आपट्याचे एक रोप लावावे आणि त्याला कुंपण करावे. चार-सहा वर्षांनी साऱ्या आळीला त्या झाडाखाली जाऊन सोने देता-घेता येईल.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या शुभेच्छा. ज्या झाडाचे पान आज आपल्या देवापुढे आहे, तेही सोन्यासारखे राहो.